वशिंडाची बंदूक

ज्या माणसाने जन्मात चिमणीवर खडा भिरकावला नाही, त्याच्या खिशात एकोणसत्तराव्या वर्षी शिकारीचा परवाना यावा, ही गोष्ट आमच्या घरात अजून कोणाच्या धड गळी उतरलेली नाही. पण परवाना आहे, रीतसर पैसे भरून घेतलेला आहे, आणि ओहायो राज्य मला शिकाऊ शिकारी मानते. हसू नका, कायद्याची गंमतच तशी आहे. पाहुणा म्हणून व्हिसावर अमेरिकेत आलेल्या परदेशी माणसाने बंदूक हातात धरायची नाही, असे तिथला कायदा म्हणतो. त्याला मोजके अपवाद आहेत, आणि त्यांतला एक म्हणजे शिकारीचा परवाना जवळ असणे. तेव्हा ज्याला पाखरू मारायचे नाही, नुसती मातीची बशी फोडायची आहे, त्यानेही आधी कागदोपत्री शिकारी व्हायचे. चिरंजिवांनी कपाळाला आठ्या घालून संगणकावरून तो परवाना काढून दिला. बंदुकीचे नाव निघाले की तो गप्प होतो. त्या देशात राहून, शाळेत जाणारी मुलगी असताना, त्याने गप्प व्हावे यात मला नवल वाटत नाही. "बाबा, तुम्ही? तुम्ही बंदूक धरणार?" एवढेच तो म्हणाला. त्याच्या प्रश्नातला रोख मला समजला. तो आजोबांच्या दुनळीबद्दल बोलत होता.

हे सगळे सुरू झाले ते शेजारच्या म्हातारबांच्या गवत कापायच्या यंत्रामुळे. २०२३ चा उन्हाळा आम्ही उभयतांनी डेटन शहराजवळ मुलाकडे काढला. म्हातारबा ऐंशीच्या पुढचे. यंत्र उलगडून गॅरेजच्या दारात बसले होते. मी आयुष्यभर कापडगिरणीच्या यंत्रशाळेत हाडे झिजवलेली. उघडे यंत्र दिसले की माझे पाय तिकडे वळतात. तासाभरात यंत्र सुरू झाले, आणि बक्षीस म्हणून की काय, त्यांनी कपाटातून ती बंदूक काढून मला दाखवली. "ही उघडून पाहा," म्हणाले, "तुझ्यासारख्या माणसाला आवडेल."

दिसायला ती विचित्रच. चांगल्या बंदुकीची पाठ कशी दस्त्याकडे उतरत जाते. हिची पाठ सरळ मागे येते आणि एकदम कड्यासारखी तुटते. तिकडे हिला कुबडी म्हणतात. मला मात्र आमच्याकडच्या बैलाचे वशिंड आठवले, आणि तेव्हापासून माझ्यापुरते तिचे नाव वशिंडी. कारखान्यातले नाव ऑटो-५. चार काडतुसे नळीखालच्या कोठीत आणि एक नळीत, मिळून पाच. चाप एकदा ओढला की एकच बार निघतो, पण रिकामे टरफल बाहेर टाकून पुढचे काडतूस भरण्याचे काम ती आपले आपण करते.

आता ते कसे करते, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ज्यांना यंत्रांचा कंटाळा असेल त्यांनी एक परिच्छेद गाळला तरी चालेल.

एरवीच्या बंदुकीत नळी म्हणजे खांब. ती जागची हलत नाही. वशिंडीची नळी हलते. बार झाला की नळी आणि तिच्या मागचा खटका एकमेकांना घट्ट धरून, काडतुसाच्या लांबीहून जास्त अंतर, तसेच्या तसे मागे सरकतात. अगदी मागे पोचल्यावर खटका तिथेच अडकून राहतो आणि नळी एकटी आपल्या स्प्रिंगच्या जोराने पुढे परतते. टरफल खटक्याच्या नखात धरलेले असते; नळी त्याच्यावरून निघून जाते, जणू म्यान ओढून घ्यावे, आणि टरफल उजवीकडे उडते. मग खटका सुटतो आणि नवे काडतूस घेऊन पुढे जातो. हे सारे पापणी लवते न लवते तोवर. मागावरचा धोटा या काठाहून त्या काठाला जातो तो डोळ्याला दिसत नाही, आवाजावरून कळतो. तसेच हे खांद्याला कळते. एक धक्का मागे, आणि लगेच एक ओढ पुढे. ज्यांना सवय नाही त्यांना वाटते, बंदूक मोडली.

आणि खरे कौतुक तर पुढेच आहे. काडतूस हलके असेल तर धक्का कमी, जड असेल तर जास्त. मग एकाच स्प्रिंगने दोन्ही कसे सांभाळायचे? त्यासाठी कोठीच्या नळकांड्यावर एक काशाची, मध्ये चिरलेली पकड असते आणि एक पोलादी कडी. जड काडतुसे वापरायची तर कडी स्प्रिंगच्या पुढे, त्या पकडीला भिडवून ठेवायची. पकड आवळते, ब्रेक लागतो आणि नळी बेतानेच मागे येते. हलकी काडतुसे असतील तर तीच कडी काढून स्प्रिंगच्या मागे, तळाशी ठेवून द्यायची. तिथे ती काहीच करत नाही. बस. ना पेच, ना माप, ना हत्यार. एका कडीची जागा बदलली की बंदुकीचा स्वभाव बदलतो. असली युक्ती ज्याच्या डोक्यात आली त्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

तो गृहस्थ म्हणजे जॉन मोझेस ब्राउनिंग. युटा प्रांतातल्या ऑग्डनच्या एका बंदूक-कारागिराचा मुलगा. १९०० साली त्याने या रचनेचे पेटंट घेतले. ज्या विंचेस्टर कंपनीला तो वर्षानुवर्षे आपल्या कल्पना ठोक रकमेला विकत आला होता, तिच्याकडे या खेपेस त्याने प्रत्येक नगामागे हक्काचा वाटा मागितला. कंपनीने तो दिला नाही. मग तो रेमिंग्टनकडे गेला. १९०२ च्या जानेवारीत तो कचेरीत बाहेर बसलेला असताना आत कंपनीचे अध्यक्ष हार्टली हृदयविकाराने वारले. दुसरा कोणी असता तर अपशकुन म्हणून घरी गेला असता. हा बोटीत बसून बेल्जमला गेला, आणि लिएजजवळच्या एर्स्ताल गावच्या कारखान्यात ही बंदूक तयार होऊ लागली. पुढे शतक संपत आले तरी, १९९८ पर्यंत, ती निघत होती. ब्राउनिंग मेला तोही त्याच कारखान्यात, १९२६ च्या नोव्हेंबरात, काम करता करताच.

म्हातारबांची वशिंडी त्याच बेल्जमच्या कारखान्यातली. त्यांच्या वडिलांनी ती बदकांसाठी घेतली होती आणि बापलेकांनी मिळून तीसेक हिवाळे तिच्यावर बदके मारली. मग १९९१ साली त्या देशात पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे झाडायला सर्वत्र बंदी झाली. तळ्यांच्या तळाशी साचलेले शिसे गिळून पाखरे विषाने मरत होती म्हणून. त्याऐवजी पोलादी छर्रे वापरा, असे सांगण्यात आले. पण ही जुनी बेल्जन नळी मऊ शिशासाठी घडवलेली. पोलाद तिला सोसत नाही. म्हणजे कायद्याने बंदी माणसाला केली नाही, पाखरालाही अभय दिले नाही; पेन्शनीत निघाली ती बंदूक. "मग मी हिला बशांवर घेऊन आलो," म्हातारबा म्हणाले. "हिला आयुष्यभर उडत्या गोष्टींकडे बघायची सवय. कपाटात बसून काय करील?"

हे वाक्य मला लागले. का, ते पुढे सांगतो.

मातीच्या बशा म्हणायचे, पण त्यांत माती नसते. डांबराची राळ आणि चुनखडीची पूड यांची, तळव्यात मावेल एवढी, शंभर-एक ग्रॅमची पालथी बशी. पूर्वी या खेळात जिवंत कबुतरे असत. पेटीत कबूतर ठेवायचे, दोरी बांधायची, नेमबाजाने "ओढ!" म्हणून आरोळी दिली की पेटी उघडायची. आज पेटी नाही, दोरी नाही, कबूतर नाही, पण आरोळी तीच, "पुल!" बशीलाही ते लोक अजून "पाखरू"च म्हणतात. मधल्या काळात काचेचे गोळे आले. काहींत पिसे भरलेली असत, म्हणजे गोळा फुटला की पाखरू लागल्याचा भास व्हावा. माणसाला आपल्या मनाची समजूत काढायला काय काय करावे लागते पाहा. त्या गोळ्यांवर अ‍ॅनी ओकली हिने जगभर नाव केले. ती याच ओहायोची, डेटनपासून फार लांब नसलेल्या डार्क परगण्यातली. मग १८८० साली सिनसिनाटीच्या लिगोव्स्की नावाच्या माणसाने मातीची चकती काढली. सांगतात की, तळ्याकाठी पोरे शिंपल्यांच्या भाकऱ्या खेळत होती, ते पाहून त्याला ही कल्पना सुचली. पहिल्या चकत्या इतक्या कडक भाजलेल्या की छर्रे लागले तरी घंटेसारख्या वाजत आणि तशाच पुढे जात. म्हणून मग डांबर.

१९०० साल या बाबतीत मोठे चमत्कारिक आहे. त्या वर्षी पॅरिसच्या ऑलिंपिक खेळांच्या सुमारास जिवंत कबुतरांवर नेमबाजीची स्पर्धा झाली आणि शेकडो पाखरे मेली. आणि त्याच वर्षी अमेरिकेत 'ग्रँड अमेरिकन' ही स्पर्धा प्रथमच मातीच्या पाखरांवर झाली. पुढे १९२४ पासून २००५ पर्यंत ती डेटनशेजारच्या व्हँडेलियाला भरत असे. विमानतळ वाढवायचा म्हणून तिला तिथून उठावे लागले. आता ती इलिनॉयमधल्या स्पार्टा गावी भरते. म्हातारबा व्हँडेलियाच्या आठवणी काढतात तेव्हा आपल्याकडचा म्हातारा बंद पडलेल्या जत्रेबद्दल बोलावा तसे बोलतात.

आम्ही जात होतो ते मैदान लहान. बुधवारी सकाळी निवृत्त मंडळी जमत. जमिनीत अर्धवट पुरलेले एक बुटके घर. त्यातून यंत्र बशा फेकते. त्याच्या मागे सोळा यार्डांवर पाच जागा. पाच जण उभे राहायचे, एकेकाने एकेक बार काढायचा, पाच झाले की जागा बदलायची; असे पंचवीस. बशी सुटते ती ताशी पासष्ट-एक किलोमीटर वेगाने, आणि डावीकडे, उजवीकडे की समोर, हे आधी कळत नाही. कानात बोळे, डोळ्यांवर चष्मा, आणि आपली पाळी येईपर्यंत बंदूक उघडी. तिथल्या शिस्तीपुढे आमची गिरणी म्हणजे बाजार.

सगळ्यांकडे वरखाली दुनळ्या, चकचकीत. माझ्या हातात वशिंडी. एकेकच काडतूस भरायचे असल्याने तिच्या पाचाच्या कोठीचा तिथे उपयोग शून्य. बाजूच्या खिडकीतून काडतूस टाकायचे, कळ दाबायची, खटका धाडकन बंद होतो; बोट मध्ये राहिले तर बोटाची आशा सोडायची. पहिला बार काढला; बशी सुखरूप गवतात उतरली. मोजणाऱ्याने "लॉस्ट!" म्हणून पुकारले. दुसरा बार, तेच. आणि टरफल बाहेर पडायच्या ऐवजी अर्धवट अडकून बसले. म्हातारबांनी पुढची टोपी फिरवून आत पाहिले आणि हसले. मागच्या खेपेच्या जड काडतुसांसाठी कडी पुढे होती; आज काडतुसे हलकी. कडी मागे गेली आणि वशिंडी सुतासारखी सरळ झाली. पुढचे टरफल जे उडाले ते थेट उजवीकडच्या तरुण बाईंच्या टोपीवर. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की, आमच्या गिरणीतला मुकादमही तसे पाहू शकला नसता. मग बंदुकीच्या खिडकीशी टरफल अडवायची पट्टी लागली आणि शांतता प्रस्थापित झाली.

पंचविसात सात. पण आठव्या की नवव्या बशीची गोष्ट सांगतो. म्हातारबा कानाशी ओरडत होते, "नळीकडे बघू नकोस. बंदूक आहे हे विसर. पाखराची पुढची कड बघ." बशी सुटली, उजवीकडे वळली, मी तिच्याकडे बघत राहिलो, आणि बार कधी निघाला मला कळले नाही. खांद्याला धक्का, मग ती ओढ. आणि समोर, तीसेक मीटरवर, बशीच्या जागी काळ्या धुराचा एक गोळा. त्यातून कपच्या पावसासारख्या खाली येत होत्या. मी हसलो. तोंड भरून हसलो. आणि त्याच क्षणी मला कळले की, हे हसू मी पूर्वी पाहिले आहे.

आमचे अण्णा महसूल खात्यात होते. यवतमाळ जिल्ह्यात आम्ही बदल्यांवर फिरलो. त्यांच्याकडे दुनळी बाराबोअर होती आणि परवाना होता. रविवारी ते तित्तिर, हरियाल मारून आणीत. आईच्या स्वयंपाकघरात त्याला मज्जाव. परसात तीन दगडांची चूल मांडून अण्णा स्वतः शिजवीत. १९६४ साली, मी दहा वर्षांचा असताना, ते मला बरोबर घेऊन गेले. नाल्याकाठच्या उंबरावर हरियालांचा थवा उतरला होता. हिरव्या पानांत हिरवी पाखरे. मला एकही दिसेना. थवा उडाला आणि अण्णांनी दोन बार काढले. दोन पाखरे पडली. अण्णा हसले, पाखरू पडले म्हणून नव्हे, काहीतरी अगदी जुळून आले म्हणून माणूस हसतो तसे. मी धावत जाऊन एक उचलले. ते जिवंत होते. पिवळे पाय माझ्या बोटांना धरून होते आणि काळीज तळहातावर असे वाजत होते की, आपल्याच हातात घड्याळ आहे असे वाटावे. अण्णांनी ते माझ्याकडून घेतले आणि मान मुरगळली. दयेने, हे मला आज कळते. पुढच्या रविवारी त्यांनी हाक मारली तेव्हा मी माळ्यावर जाऊन बसलो. त्यांनी पुन्हा हाक मारली नाही, कधीच नाही.

१९७२ चा वन्यजीव कायदा आला, परवाने आवळत गेले, आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलीसुरली शिकारही बंद झाली. चांगले झाले. त्याआधीच, सत्तरीच्या दशकात, अण्णांनी रान सोडले होते. पण दुनळी होती. खंडेनवमीला तिला झेंडूचे फूल मिळे, आणि महिन्यातून एकदा ओटीवर बसून ते तिला तेल देत. मी तेव्हा गिरणीत लागलेला. एकदा त्यांनी मान वर न करता म्हटले, "तुला नेम धरायला शिकवायचे राहिले." मी म्हणालो, "नको." आज विचारले तरी त्या दुनळीसाठी आणि त्या हरियालांसाठी मी नकोच म्हणेन. पुढे एका निवडणुकीच्या वेळी हत्यारे ठाण्यात जमा करायला सांगितली. अण्णांनी दुनळी नेऊन दिली आणि ती परत आणायला ते गेलेच नाहीत.

अण्णांना बशी कोणी दाखवली नाही. आपल्याकडे हा खेळ नव्हता असे नाही. बिकानेरच्या करणीसिंहांनी १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत याच खेळात रौप्यपदक मिळवले, अण्णा उंबराखाली उभे होते त्याच्या दोनच वर्षे आधी. पण तो महाराजांचा खेळ. महसूल खात्यातल्या कारकुनाने कुठे जाऊन "पुल!" म्हणायचे? त्याच्यासाठी दोनच गोष्टी होत्या: पाखरू, नाहीतर कपाट. म्हातारबांच्या वशिंडीला तिसरी सापडली.

मला राहून राहून वाटते, अण्णांना पाखरू हवे होते की मला त्या नवव्या बशीला मिळाले ते? परसातल्या चुलीवरचे मांस ते बोटभर खात आणि उरलेले गड्याला देत, हे मला आठवते. यापलीकडे पुरावा नाही, आणि विचारायला अण्णा नाहीत. एवढे मात्र खरे की, ज्या हसण्याची मला साठ वर्षे भीती वाटत होती, ते माझ्या तोंडावर आले तेव्हा समोर कोणीही मेलेले नव्हते. गवतात डांबराच्या कपच्या होत्या, आणि हो, शिसेही होते. ते तिथे साचतेच, आणि त्याचे काय करायचे हा प्रश्न त्या मैदानांपुढे आहे. म्हातारबांना मी हे बोललो तेव्हा ते म्हणाले, "तू फार विचार करतोस, म्हणून तुला डावीकडचे पाखरू सापडत नाही." हे निदान बरोबर होते.

चार बुधवार गेले. सात, अकरा, दहा, आणि चौथ्या खेपेला सतरा. चिरंजीव एकदाही आले नाहीत. पण चौथ्या बुधवारी निघताना त्यांनी न बोलता माझ्या खिशात कानाच्या बोळ्यांची नवी जोडी टाकली. त्या दुपारी म्हातारबांनी गॅरेजमध्ये वशिंडी माझ्या पुढ्यात ठेवली आणि खुर्चीवर रेलून बसले. मी टोपी फिरवली, नळी उतरवली, नळकांडे पुसले, तेलाचे नुसते बोट फिरवले. तेल जास्त झाले तर पकड धरत नाही. कडी हातात घेऊन मी त्यांच्याकडे पाहिले. "मागेच ठेव," ते म्हणाले. "आता हलकीच काडतुसे."

घरी आलो तर ही भाजी निवडत बसली होती. लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंच्या तोंडून तिने परसातल्या चुलीची सगळी कथा ऐकलेली.

"किती?" तिने विचारले.

"सतरा."

"अगं बाई," ती मेथीची जुडी बाजूला सारत म्हणाली, "मग परसात चूल मांडू का?"